जिंजरब्रेडवाल्या ल्युडविकच्या मागावर : फिलाडेल्फिया, जर्मनटाउन, व्हॅली फोर्ज

शुक्रवार, फिलाडेल्फिया

सासरे (आम्ही सगळे त्यांना अण्णाच म्हणतो) साताऱ्याकडचे, आर्मी सर्व्हिस कोअरमधून (फौजेला रसद पुरवणारं खातं) सुभेदार म्हणून रिटायर झालेले. इकडे न्यू जर्सीला आले की त्यांना कुठे न्यायचं हा मोठा प्रश्न असतो, कारण नायगारा दाखवला तरी "छान आहे" आणि टाइम्स स्क्वेअर दाखवला तरी "छान आहे", पुढे काही नाही. मग एकदा जेवताना मी क्रिस्टोफर ल्युडविकचं नाव काढलं. म्हटलं, अण्णा, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टनच्या फौजेचा एक मुख्य बेकर होता, जर्मनीहून आलेला, सगळ्या सैन्याच्या पावाची जबाबदारी त्याच्यावर होती. तर ते घास हातात धरून म्हणाले, "म्हणजे आमच्या खात्यातला माणूस की." झालं, ऑक्टोबरचा लाँग वीकेंड तिथेच ठरला.

हा ल्युडविक कोण ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. 1720 ला जर्मनीत हेसमधल्या गीसन गावी जन्म, बाप बेकर, पोरगाही त्याच भट्टीवर काम शिकला. सतराव्या वर्षी घर सोडून ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या फौजेत शिपाई, तुर्कांशी लढाई, मग प्रागच्या वेढ्यात अडकला, प्राग पडल्यावर प्रशियाच्या फौजेत. तिथून सुटला तो लंडनला जाऊन इंग्रज जहाजावर बेकर म्हणून चढला आणि थेट ईस्ट इंडीजकडे. घरी परत गेला तोवर बाप वारलेला. वारशाचे पैसे लंडनमध्ये उडवले आणि परत खलाशी! मग 1753 मध्ये थोडे तयार कपडे घेऊन फिलाडेल्फियात आला, ते चांगल्या नफ्यात विकले, आणि लक्षात घ्या, तिथेच न थांबता लंडनला परत जाऊन मिठाई आणि जिंजरब्रेड करायला नीट शिकला, लाकडी कोरीव साचे घेतले आणि 1754 मध्ये कायमचा फिलाडेल्फियाला आला. शिपाई, खलाशी, बेकर सगळं करून झालेला चौतीस वर्षांचा माणूस नव्या गावात बिस्किटं विकायला बसतो, मला तर हीच गोष्ट फार आवडली.

एडिसनहून (न्यू जर्सीतलं आमचं गाव) निघायला अर्थातच उशीर झाला आणि टर्नपाइकला ट्रॅफिक, त्यामुळे म्युझियम ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशनला पोचेपर्यंत अकरा वाजून गेले. 2017 ला उघडलेलं आहे, तिसऱ्या रस्त्यावर. इथे वॉशिंग्टनचा लढाईतला खराखुरा तंबू आहे, तो एका छोट्या थिएटरमध्ये दाखवतात, आधी फिल्म आणि मग पडदा वर जातो. फोटो काढू देत नाहीत. लेकाला तंबू "एवढासाच?" वाटला. अण्णा मात्र दोरांच्या गाठी कशा आहेत ते वाकून बघत होते.

तिथून लेटिशिया स्ट्रीट चालत दोन मिनिटांवर. मार्केट स्ट्रीटच्या दक्षिणेला, फ्रंट आणि सेकंड स्ट्रीटच्या मधली बोळवजा गल्ली, एका बाजूला कचऱ्याचे डबे, दुसऱ्या बाजूला कुठल्याशा रेस्टॉरंटचं मागचं दार, तिथे एक पोरगा एप्रन घालून मोबाईल बघत उभा. बघण्यासारखं काहीही नाही. पण इथेच, तेव्हाच्या लेटिशिया कोर्टात, ल्युडविकचं दुकान होतं. आलं आणि मोलॅसिस (आपली काकवीच) घालून केलेला जिंजरब्रेड त्याने इतका खपवला की युद्ध सुरू होईपर्यंत शहरात नऊ घरं, जर्मनटाउनजवळ शेत आणि वर साडेतीन हजार पौंड व्याजाने लावलेले! शेजारी त्याला लेटिशिया कोर्टचा गव्हर्नर म्हणायचे. भांडणं मिटवायला, पैशाच्या अडचणीत, सगळ्याला ल्युडविककडे जायचं. प्रत्येक गल्लीत असा एक जण असतोच.

दुपारी इंडिपेंडन्स हॉल. वेळेचं तिकीट आधी ऑनलाइन घ्या, आयत्या वेळी मिळणं अवघड. आत रेंजर सगळं घोषणापत्र, संविधान, जेफरसन, फ्रँकलिन असं सांगत होता आणि ते सगळं चांगलंच होतं, पण मला त्या हिरव्या टेबलक्लॉथच्या खोलीत वेगळंच बघायचं होतं. 3 मे 1777 ला काँग्रेसने (बंड केलेल्या वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा) ल्युडविकला सैन्याच्या बेकर्सचा सुपरिंटेंडंट आणि डायरेक्टर ऑफ बेकिंग नेमलं, महिना 75 डॉलर आणि रोजचे दोन रेशन. अट अशी घातली होती की 100 पौंड पीठ दिलं की 100 पौंड पाव द्यायचा. ल्युडविक म्हणाला, नको, मला लढाईवर श्रीमंत व्हायचं नाही, माझ्याकडे पुरेसं आहे, मी 100 पौंड पिठाचा 135 पौंड पाव देईन.

हे मी अण्णांना बाहेर बाकावर बसून सांगितलं. नवरा म्हणाला, 35 पौंड जास्त कुठून आणणार? तर अण्णा त्याच्याकडे असे बघायला लागले की जसं काही आयुष्यात कणीक भिजवलेली बघितलीच नाही. "अरे, पीठ पाणी पितं. शंभराला पंचावन्न-साठ पाणी जातं, थोडं भट्टीत उडतं, पस्तीस-चाळीस पावात राहतं. शंभराला शंभर दिला असता तर तो फक्त पाणी विकून पैसे करत होता. आणि ते काँग्रेसवाल्यांना कळलंसुद्धा नसतं."

मग अण्णांनी डेपोतल्या गोष्टी सुरू केल्या. ओल्या साखरेचं वजन, तुपाचे डबे, ट्रकच्या तळाशी सांडलेली डाळ म्हणून दाखवलेली तूट, ठेकेदार आणि त्यांचे काटे. त्या इथे लिहीत नाही. पण ते शेवटी म्हणाले ते लिहिते : "चोरी पकडणं सोपं असतं गं. जी चोरी कागदावर बरोबर दिसते ना, ती न करणारा माणूस मी दोन-तीनच बघितले."

संध्याकाळी रीडिंग टर्मिनल मार्केट, गरम प्रेट्झेल, प्रचंड गर्दी, अण्णांनी आमिश लोकांच्या (जुन्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ) स्टॉलवरची टोपी घातलेली म्हातारी माणसं बघून "हे जर्मनच ना?" विचारलं. हॉटेल विमानतळाजवळचं, ठीकठाक.

शनिवार, जर्मनटाउन

जर्मनटाउन 1683 मध्ये वसलं. क्रेफेल्डकडून आलेली विणकर वगैरे मंडळी, पास्टोरियस नावाचा वकील त्यांचा म्होरक्या. आणि पाचच वर्षांत, 1688 ला, इथल्या चार जणांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध केला, अमेरिकेतल्या अगदी पहिल्यांपैकी. ल्युडविक आला तेव्हा पेनसिल्व्हेनियात जर्मन माणसं इतकी होती की फ्रँकलिनसारखा शहाणा माणूससुद्धा तक्रार करायचा की हे लोक आपल्यालाच जर्मन करून टाकतील. वाचून हसू आलं, भारतीयांनी भरलेल्या आमच्या एडिसनबद्दल लोक जे बोलतात ते डिट्टो हेच.

जर्मनटाउन अव्हेन्यू अजून दगडी फरसबंदीचा आहे, मधून जुन्या ट्रॉलीचे रूळ, गाडी खडखड करत जाते आणि मागच्या सीटवर चहाचा थर्मास सांडतो. आधी क्लाइव्हडेनला थांबलो. 4 ऑक्टोबर 1777 ची जर्मनटाउनची लढाई इथे झाली. सकाळचं दाट धुकं, इंग्रजांची एक तुकडी या दगडी बंगल्यात शिरून दारं लावून बसली, आणि अमेरिकन लोकांनी पुढे जायचं सोडून या घरालाच धडका मारण्यात वेळ घालवला. तोफगोळ्यांनी भिंत पडली नाही आणि लढाई हरले. समोरच्या दर्शनी दगडांवर गोळ्यांचे खळगे अजून आहेत, बोटाचं पेर मावेल असे. लेकाने एकेका खळग्यात बोट घालून बघितलं, आणि या ट्रिपमध्ये पहिल्यांदा "कूल" म्हणाला. अण्णांचं मत : घर सोडून पुढे जायचं, मागे एक कंपनी ठेवायची, घरातले कुठे जातायत. वॉशिंग्टनच्या बैठकीत म्हणे काही अधिकारी हेच म्हणत होते, पण शत्रूच्या ताब्यातला किल्ला मागे ठेवू नये हा पुस्तकी नियम जिंकला.

त्याच हंगामात इंग्रज फौजेने ल्युडविकचं जर्मनटाउनचं घर लुटलं. भांडीकुंडी, कपडे, सगळं. युद्ध संपल्यावर तो घरी परतला तर घरात चादरीही नव्हत्या आणि हातात रोख नव्हती, सरकारी कागदी नोटांची किंमत मातीमोल झालेली. उधारीवर चादरी आणण्यापेक्षा सहा आठवडे तो नुसत्या ब्लँकेटांमध्ये झोपला. हे डॉक्टर बेंजामिन रश यांनी लिहून ठेवलंय, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे ते रश, 1801 मध्ये ल्युडविक गेल्यावर त्यांनी त्याचं छोटंसं चरित्र लिहिलं म्हणून तर आपल्याला हे सगळं माहीत आहे. नाहीतर फौजेच्या बेकरचं चरित्र कोण लिहितो?

मग थोडं वर माउंट एअरी भागात सेंट मायकेल्स ल्युथरन चर्चचं कब्रस्तान. झाडांची पिवळी पानं सगळीकडे पडलेली, शोधायला वेळ लागला. ल्युडविकच्या थडग्यावर मजकूर भरपूर आहे, शेजारी पहिली बायको कॅथरिन, ती 1796 ला गेली, हा 17 जून 1801 ला. शेवटच्या ओळींचा अर्थ असा : वाचकहो, ल्युडविक असा होता, तुम्ही गरीब असाल तर त्याला मान द्या, श्रीमंत असाल तर त्याच्यासारखं वागा. अण्णांनी चष्मा लावून हळूहळू वाचलं, मला काही शब्द विचारले, मग टोपी (साताऱ्याहून आणलेली माकडटोपी, ऑक्टोबरमध्ये!) काढून एक मिनिट उभे राहिले. नवरा फोटो काढायला गेला तर म्हणाले, राहू दे.

ल्युडविकने पैसा कुठे ठेवला ते पण भारी आहे. मृत्युपत्रात बरीचशी इस्टेट गरीब मुलांच्या फुकट शिक्षणाला, कुठल्याही पंथाची असोत. दोन संस्था दावेदार होत्या, एक विद्यापीठ आणि एक गरिबांच्या शाळा चालवणारी सोसायटी. अट एकच, जो आधी सरकारी सनद आणेल त्याला पैसे. तेव्हा राज्याची राजधानी लँकेस्टर, म्हणजे घोड्यावरून चांगलंच लांब. तर म्हणे दोन्हीकडची माणसं घोडे दामटत निघाली आणि शाळावाले आधी पोचले! त्या पैशातून उभी राहिलेली संस्था त्याच्या नावाने आजही फिलाडेल्फियाच्या मुलांसाठी पैसे देते. लेकाला ही घोड्यांची शर्यत ऐकून वाटलं की यावर गेम काढता येईल.

जेवण तिथल्याच एका इथियोपियन हॉटेलात, इंजेरा म्हणजे मोठं आंबट धिरडं, अण्णांना आवडेल असं वाटलं नव्हतं पण दोन खाल्ले.

रविवार, व्हॅली फोर्ज

सकाळी गार. I-76 रविवारी मोकळा असल्यामुळे अर्ध्या तासात पोचलो. प्रवेश फुकट, पार्किंग भरपूर, साडेतीन हजार एकरांचं पार्क. लोक इथे सायकली आणि कुत्री घेऊन येतात, त्यामुळे 'हुतात्म्यांची भूमी' वगैरे वातावरण अजिबात नाही, मला ते आवडलं.

19 डिसेंबर 1777 ला वॉशिंग्टनच्या फौजेतले सुमारे बारा हजार लोक इथे हिवाळ्याच्या मुक्कामाला आले आणि पुढच्या जूनमध्ये उठले. जवळजवळ दोन हजार मेले, आणि इथे एकही लढाई झाली नाही हे लक्षात ठेवा. टायफस, आमांश, इन्फ्लुएंझा. बर्फात गोठून मेले असं आपल्या डोक्यात असतं पण बरीचशी माणसं थंडी ओसरल्यावर, वसंतात गेली. खायला काय, तर फायरकेक. पीठ आणि पाणी कालवायचं, दगडावर किंवा निखाऱ्यात भाजायचं, बस. मीठसुद्धा नसायचं कित्येकदा.

आता साहजिक प्रश्न येतो की एवढा प्रामाणिक बेकर होता तर ही वेळ का आली? मी हाच प्रश्न म्यूलेनबर्गच्या ब्रिगेडच्या झोपड्यांजवळ अण्णांना विचारला. (हा म्यूलेनबर्ग पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन पाद्र्याचा मुलगा, स्वतःही पाद्री होता आणि मग थेट जनरल.) झोपड्या नव्याने बांधलेल्या आहेत, लाकडी ओंडक्यांच्या, आत बारा जणांसाठी बंक, एक मातीने लिंपलेली चूल, दार इतकं बुटकं की नवऱ्याचं डोकं आपटलं. जवळच पावाची भट्टी आहे, कमानीच्या आकाराची. अण्णांनी आत हात घालून तळाचा दगड चाचपला, मग तोंडाची रुंदी वितीने मोजली, मग मागे जाऊन धूर कुठून निघेल ते बघितलं. म्हणाले, आधी आत लाकूड पेटवायचं, दगड तापला की राख ओढून काढायची, मग पाव. दिवसाला किती घाणे निघतील ते पुटपुटत राहिले.

मग उत्तर दिलं. शिपायाला रोजचा एक पौंड पाव किंवा पीठ हे काँग्रेसने 1775 मध्येच ठरवलेलं. बारा हजार माणसं म्हणजे रोज बारा हजार पौंड. "गहू होता. या भागात गहू कमी कशाला असेल? गाडी नव्हती. घोडा नव्हता. गाडीवाल्याला पगार नव्हता. धान्य कधी संपत नाही गं, धान्य वाटेत अडकतं. आणि शिव्या स्वयंपाक्याला." आणि खरंच तसंच होतं. क्वार्टरमास्टर जनरल (फौजेच्या सामानाचा आणि वाहतुकीचा प्रमुख) थॉमस मिफलिनचा राजीनामा त्या नोव्हेंबरमध्येच मंजूर झालेला, पुरवठा खातं आधीच विस्कटलेलं, चारा नाही म्हणून घोडे मरत होते, पुढे मार्च 1778 मध्ये नॅथॅनिएल ग्रीनने ते काम घेतलं तेव्हा गाडं रुळावर आलं. आणि गंमत बघा, हाच मिफलिन आधी एकदा सभेत म्हणाला होता की लोकांकडून वर्गणी काढून बंदुका घेऊ या, तेव्हा मंडळी कुरकुर करायला लागली, आणि ल्युडविक उठून म्हणाला, मी एक गरीब जिंजरब्रेडवाला, पण माझे दोनशे पौंड लिहा. सगळे गप्प, ठराव पास!

लोक व्हॅली फोर्ज म्हटलं की फोन श्टॉयबेनचं नाव घेतात, प्रशियाचा अधिकारी, फेब्रुवारी 1778 मध्ये येऊन कवायत शिकवली, त्याचा पुतळाही आहे इथे. ल्युडविकचा पुतळा मला तरी दिसला नाही. कवायतीचा पुतळा होतो, पावाचा होत नाही.

एक गोष्ट मात्र मला कवायतीपेक्षा मोठी वाटते. इंग्रजांनी या युद्धासाठी जर्मन राजांकडून भाड्याने सैनिक आणले होते, एकूण तीस हजारांच्या आसपास, त्यातले सगळ्यात जास्त हेसचे, म्हणजे ल्युडविकच्या मुलुखाकडचे. 1776 च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसने जाहीर केलं की जो फुटून येईल त्याला 50 एकर जमीन. ल्युडविक पळून आलेला शिपाई असल्याचं सोंग करून स्टेटन आयलंडवर त्यांच्या छावणीत शिरला, आपल्या भाषेत त्यांच्याशी बोलला, आणि सुखरूप परत आला. पंचावन्न वर्षांचा माणूस, पकडला गेला असता तर फाशी. दुसऱ्या वेळी काही हेसियन कैदी हाती लागले तर वॉशिंग्टनला म्हणाला, मला द्या. त्यांना फिलाडेल्फियात फिरवलं, जर्मन चर्च दाखवली, इथे आपली माणसं कशी राहतात, काय खातात ते दाखवलं, आणि सोडून दिलं की जा, मित्रांना सांगा.

अण्णा यावर काहीच बोलले नाहीत, बराच वेळ. मग म्हणाले, "समोर आपल्या गावचा माणूस उभा असला की अवघड असतं." ते कुठल्या प्रसंगाबद्दल बोलत होते ते मी विचारलं नाही.

वॉशिंग्टनचं मुख्यालय असलेलं पॉट्सचं दगडी घर बघितलं, गर्दी होती, पटकन बाहेर पडलो.

सोमवार, न्यू होप, लॅम्बर्टव्हिल आणि घरी

परतताना मुद्दाम डेलावेअर नदीकाठून आलो. न्यू होप आणि पलीकडे लॅम्बर्टव्हिल, मध्ये पूल, दोन्हीकडे आइस्क्रीम, अँटिक दुकानं आणि पार्किंगची बोंब. तेव्हा इथे कोरिएल्स फेरी होती. 1777 च्या जुलैमध्ये फौज फिलाडेल्फियाकडे निघाली तेव्हा वॉशिंग्टनने ल्युडविकला पत्र लिहिलं की तुझ्याकडे आता बराच हार्ड ब्रेड भाजून तयार असेल, तो लवकर कोरिएल्स फेरीला पाठव. हार्ड ब्रेड म्हणजे टिकाऊ, कडक, बिनओलाव्याची बिस्किटं. आम्ही पुलावरून चालत गेलो आणि अण्णा नदीचं पात्र बघून होडीत किती पोती मावतील याचा हिशोब करत होते, मागून येणाऱ्या लोकांना वाट द्यायचंही भान नाही.

1781 मध्ये यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस शरण आला तेव्हा त्याच्या फौजेसाठी सहा हजार पौंड पाव भाजायचं काम ल्युडविककडेच आलं. ज्यांच्या फौजेने त्याचं घर लुटलं त्यांनाच पाव! 1785 मध्ये वॉशिंग्टनने त्याला स्वतःच्या हाताने प्रमाणपत्र लिहून दिलं, ते म्हातारा फ्रेम करून दिवाणखान्यात लावायचा. आणि सत्तरी उलटल्यावर, फिलाडेल्फियात पीतज्वराची साथ आली, पैसेवाले शहर सोडून पळाले, तेव्हा हा परत भट्टीवर उभा राहून गरिबांसाठी फुकट पाव भाजत होता.

गाडीत अण्णांनी विचारलं की यॉर्कटाउन किती लांब. नवरा म्हणाला सहा तास, ट्रॅफिक लागला तर सात. अण्णा म्हणाले, डिसेंबरपर्यंत तर मी आहेच. मी मागे बसून हॉटेलांचे रेट बघायला लागले, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात काय भयंकर महाग आहेत, कोणाला त्या बाजूला बरं आणि स्वस्त काही माहीत असेल तर नक्की सांगा.